विहिरीवरची : एका होडीच्या नोंदी

२६ जानेवारी २०२४, आंजर्ले

शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून मिळाली म्हणून पुण्याहून घरी आले. दादाने गोठ्यातला माल उतरवून अंगणात मांडून ठेवला होता. मोजला. फणसाच्या फळ्या ३१, जाडी सव्वा इंच, लांबी आठ फुटांपासून चौदापर्यंत. चार फळ्या वाळवीने खाल्लेल्या. न चिरलेला एक ओंडका वेगळा. साडेतीन वर्षं झाली तरी फळीवर नख ओढलं की आतून हळदीसारखा पिवळा रंग निघतो.

हा आमचा विहिरीवरचा कापा फणस. आमच्या आगरात झाडांना नावं आहेत, आणि ती ठेवताना कुणी फार डोकं चालवलेलं नाही. शेंदऱ्या, गोठ्यामागचा, वाटेवरचा, विहिरीवरचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्या दुपारी विहिरीवरचा मुळासकट उलटला. विहिरीवर मात्र पडला नाही. गोठ्याच्या भिंतीपासून हातभर अंतरावर आडवा झाला. त्याच दुपारी खाडीवर बांधलेलं आमचं जुनं होडकं दोर तोडून गेलं. चार दिवसांनी ते कांदळात, म्हणजे खारफुटीत, सापडलं तेव्हा पाठीचा कणा मोडलेला होता. महिना उलटला तरी गावात वीज नव्हती. प्रत्येकाच्या वाडीत इतकी झाडं पडलेली की लाकूड फुकटही कुणी उचलेना.

बाबांनी तेव्हा फणस चिरून घेतला, फळ्यांच्या मधे पट्ट्या घालून गोठ्यात रचला आणि कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही. दर दिवाळीला वरच्या फळ्या खाली आणि खालच्या वर करायचे. यंदा दादानेच विचारलं, "होडी करायची ना?" बाबा म्हणाले, "मग काय पलंग करायचेत?"

म्हणून ही वही.

२८ जानेवारी

खाडीपलीकडचे मिस्त्री येऊन गेले. वय सत्तरच्या पुढे. त्यांच्या वडिलांनी आमचं जुनं होडकं बांधलं होतं. फळीच्या एका टोकाला हातोडीच्या दांड्याने टकटक करायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा, अशा सगळ्या फळ्या तपासल्या. ३१ पैकी २३ पास. मग अंगणात दोन काठ्या टाकून उभे राहिले आणि म्हणाले, "साडेसोळा."

आम्ही अठरा फुटांची म्हणत होतो. पण चौदा फुटी फळ्या चारच आहेत, आणि तळाशी जोड नको असेल तर होडीने लाकडाचं ऐकायला हवं. लांबी साडेसोळा, मधे रुंदी साडेचार. नकाशा नाही. हात, वीत आणि बोटं यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात. मी वहीत फूट-इंचांत उतरवून घेतला तर म्हणाले, "लिहून ठेवा ताई, मला विचारायला उपयोगी पडेल."

शेजारच्या काकांचं म्हणणं, फायबरची घ्या. हलकी, पंधरा दिवसांत दारात, दरवर्षी तेल-राळ नको. काका बरोबर बोलतात. हरणै-पाजपंढरीच्या लहान होड्या बघितल्या तर बहुतेक फायबरच्या. मी स्वतः विकत घेणार असते तर फायबरचीच घेतली असती, हे इथे लिहून ठेवते.

९ एप्रिल, गुढीपाडवा

पठाण घातलं, म्हणजे होडीचा तळकणा. आईनाच्या एका सरळ लाकडातून काढलं. खाडीच्या बाजूला माडांच्या मधे मांडव घातलाय, झापांचा. काठापासून चाळीस पावलं वर. मी म्हटलं, इतकं वर कशाला, मग ढकलत न्यावी लागेल. मिस्त्री म्हणाले, "पावसात खाडी वर येते तेव्हा तिने आपणहून घेऊन जाऊ नये म्हणून."

आजीने पठाणाला हळदकुंकू लावलं. सव्वा रुपया मागितला, तो कुणाकडेच सुटा नव्हता. दोन रुपयांचं नाणं ठेवलं आणि पाऊण रुपया समुद्राकडे येणं.

४ मे

नाळ, म्हणजे पुढचा खांब, आणि मागचा खांब उभे राहिले. वाकांसाठी, म्हणजे होडीच्या बरगड्यांसाठी, बाभळीचं लाकूड आणलंय, तेही मुळातच वाकडं वाढलेलं. सरळ लाकूड कापून बाक काढला तर रेषा तुटतात आणि तिथेच ते मोडतं. म्हणून मिस्त्री बाभळीच्या ढिगात फांदी फांदी उलटी-सुलटी करून बघतात, वधूपरीक्षेला बसल्यासारखे. अकरा वाक लागतात. ढिगातून आठ मिळाले, तीन दापोलीच्या वखारीतून.

१९ मे

आजचा दिवस सविस्तर लिहिण्यासारखा.

नाळेकडे फळी आत वळते आणि त्याच वेळी पिळतेही. सव्वा इंची फणस काही केल्या असा वळत नाही. फळी आदल्या दिवसापासून ओल्या पोत्यांत गुंडाळून ठेवली होती. सकाळी जमिनीत एक सुक्या करवंट्यांची चर पेटवली. फळी तिच्यावर आडवी, एक टोक दगडांखाली दाबलेलं, दुसऱ्या टोकाला दोर आणि दोराला भरलेली घागर. दादा वरून सारखा पाण्याचा हबका मारतो, मिस्त्री खालून हाताने आच बघतात. घागरीच्या वजनाने फळी हळूहळू वाकत जाते. घाई केली तर तडकते, फार वेळ ठेवली तर जळते. साधारण पाऊण तासाने मिस्त्रींनी नुसतं "चला" म्हटलं आणि मग सगळ्यांचीच धावपळ. गरम फळी चौघांनी उचलून नाळेला नेली, शिकंजे आवळले, तांब्याचे खिळे ठोकले. खिळ्याचं टोक आतून वळवून चेपायचं. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं आणि भोवतीचं लाकूडही खराब करतं.

पहिली फळी बसली. दुसरी तडकली. ती विहिरीवरची नव्हती, वखारीतून आणलेली होती. तेव्हापासून मिस्त्री फळी मागताना तशीच मागतात : "ती वखारीतली ठेवा, विहिरीवरची द्या."

३ जून

चार वर्षं झाली. मांडवावर ताडपत्री चढवली. काम बंद. पाऊस आत्ता येईल की मग येईल असा बसलाय.

जून ते ऑगस्ट

मधे दोनदा आले, आठ-आठ तास गाडीत बसून. नोंद करण्यासारखं काही नाही. मिस्त्री भातलावणीला. लाकूड पावसात फुगलंय, म्हणजे आत्ता फटी दिसत नाहीत आणि आत्ता भरायच्याही नाहीत. ताडपत्रीखाली कोंबडी अंडी घालते.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

दादाचं गणित होतं की आजच उतरवायची. दर्याला नारळ वाहायचा दिवस, पूर्ण गाव काठावर. पण वरच्या दोन फळ्या बाकी. नारळ तेवढा वाहिला. आजीने तो फोडू दिला नाही. देवाला फोडायचा, दर्याला अख्खा द्यायचा.

दुसरं काम मात्र झालं. भर दुपारच्या भरतीचं पाणी जिथवर आलं तिथे दादाने बांबूची खुंटी ठोकली. होडी उतरवताना तिला या खुंटीपर्यंत नेलं की पुढचं काम खाडीचं.

१० सप्टेंबर

गणपतीला घर भरलं. आत्या मुंबईहून, काका नाशिकहून. नावावर पहिली मोठी बैठक आरतीनंतर ओटीवर. बाबा : 'दर्यासारंग'. काका : 'सुवर्णदुर्ग', कारण समोर दिसतो. आई : देवाचं काहीही ठेवा. भाची (वय आठ) : 'डॉल्फिन'. दादा : 'निसर्ग'.

यावर आजी उठून बसली. "ज्याने झाड पाडलं त्याचं नाव नाळेवर लिहिणार तू?"

दादा म्हणाला, त्याने पाडलं म्हणून तर होडी झाली. आजी म्हणाली, मग त्याच न्यायाने तुझ्या आजोबांच्या जुन्या होडक्याचा मारेकरीही तोच. बैठक तिथे संपली. जाता जाता आजीने निकाल दिला : मूल जन्मायच्या आधी नाव ठेवत नाहीत. होडीचा जन्म पाण्याला लागल्यावर. तोवर कुणी नाव काढायचं नाही. काकांनी 'नावेचं नाव' असा विनोद केला. तो या घरात दर पाच वर्षांनी एकदा होतो.

२८ सप्टेंबर

फटी भरणं पूर्ण. राळ आणि तेलात भिजवलेला कापूस पिळून त्याची वात करायची आणि बोथट छिन्नीने दोन फळ्यांमधे ठोकत जायची. हातोडीचा आवाज बदलला की भरली. मी दोन हात लांबीची फट भरली. मिस्त्रींनी ती बघून न बोलता उकरून काढली आणि पुन्हा भरली.

बाहेरून उंडीचं तेल, दोन हात. वास घरभर. आई म्हणते माशी सुद्धा फिरकत नाही.

५ ऑक्टोबर

भांडण.

बाबांना दसऱ्याला उतरवायची आहे. साडेतीन मुहूर्तांतला एक, पंचांग बघायला नको. मिस्त्री म्हणतात, दसऱ्याला होडी उतरत नाही. बाबांना वाटलं काही अपशकुनाची भानगड असेल. तसं नाही. दसरा म्हणजे दशमी, आणि दशमीला भांग.

हे मला लहानपणापासून तुकड्यातुकड्यांत माहीत होतं, पण आज पहिल्यांदा जोडलं गेलं. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. ते उधाण. अष्टमीला दोघे काटकोनात, ओढ वाटली जाते, आणि एक-दोन दिवसांनी, म्हणजे नवमी-दशमीला, पाणी सगळ्यांत कमी हलतं. तो भांग. म्हणजे दसरा कुठल्याही वर्षी घ्या, काठावरून होडी उतरवायला महिन्यातल्या सगळ्यांत वाईट दिवसांतला एक. साडेतीन मुहूर्त ज्यांनी ठरवले त्यांना होड्या ढकलायच्या नव्हत्या.

वेळेचा हिशेबही वहीत असू दे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा तीच, रात्री तीच. आमच्या घाटापर्यंत पाणी चढायला आणखी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण दादा अजून बोटांवरच करतो.

तडजोड अशी : दसऱ्याला पूजा जमिनीवर. उतरवायची कोजागरीनंतरच्या उधाणात.

१२ ऑक्टोबर, दसरा

पूजा झाली. करवत, रंधा, हातोडी, छिन्न्या, आणि माझा लॅपटॉप, कारण आजी म्हणाली तुझं हत्यारही आण. नाळेला झेंडूचं तोरण, नाळेवर नारळ फोडला. खाडीचं पाणी खुंटीच्या इतकं खाली होतं की बाबा स्वतःच हसले.

संध्याकाळी गडगडाट, पंधरा मिनिटं जोराचा पाऊस.

१६ ऑक्टोबर

होडी मांडवातून खुंटीपर्यंत आणली. चाळीस पावलांना अडीच तास आणि बावीस माणसं. खाली पोफळीचे ओंडके, ओंडक्यांवर केळीच्या सोपटांचा थर. सोपटं इतकी बुळबुळीत की होडी सरकते आणि माणसंही. वाडीतले काका लोक 'हैय्या हो' म्हणताना नेमके वेगवेगळ्या वेळी ओढतात, हा शोध लागला. शेवटी भाचीला दगडावर उभं केलं. ती ओरडली की ओढायचं. मग जमलं.

रात्री मसाला दूध होडीशेजारी. चंद्र प्रचंड. उद्याची पौर्णिमा वर्षातल्या सगळ्यांत जवळच्या चंद्राची, म्हणजे उधाणही तसंच.

१७ ऑक्टोबर

नाही उतरली.

सव्वाअकरापासून सगळे काठावर. पावणेबाराला पाणी पठाणाच्या मागच्या टोकाला लागलं, वीतभर चढलं आणि थांबलं. दहा मिनिटं तिथेच. मग एक काडी तरंगत होती ती परत मागे निघाली. खुंटी कोरडीच. दादाने ठोकलेली खुंटी चुकली कशी यावर बराच खल झाला. मिस्त्री तंबाखू मळत म्हणाले, ती खुंटी पावसाळ्यातली. श्रावणात डोंगरातलं पाणी खाडीत उतरतं, वर पश्चिमेचा वारा समुद्र आत लोटतो. आता पाऊस गेला, वारा फिरला. तेवढं पाणी कमी.

मग आता? पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबायचं?

"उधाण पौर्णिमेला नाही चढत," मिस्त्री म्हणाले. "पौर्णिमेच्या पुढे दोन दिवस चढतं. उद्या बघा." आणि कुदळ मागितली.

दुपारच्या ओहोटीत चिखलात चर खणली, मागच्या टोकापासून पाण्यापर्यंत, फूटभर खोल. मी, दादा, काका, मिस्त्रींचा नातू. खणताना चरीत पाणी पाझरून कडा कोसळत होत्या, म्हणून झापं लावली. रात्री साडेआठला हात धुतले.

१८ ऑक्टोबर

१२.२५ ला उतरली.

पाणी चरीतून आत आलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. मागची बाजू किंचित उचलली गेली, एवढीशी, की ती उचलली हे तोरणाच्या हलण्यावरून कळलं. मिस्त्री म्हणाले, "आता." भाची ओरडली. एकदा ढकललं, दुसऱ्यांदा ढकलायला हात पुढे केले तर होडी हातात नव्हती. निघून गेली होती. बाबा कमरेभर पाण्यात तसेच उभे, ढकलायच्या पवित्र्यात. दोर दादाच्या हातात होता म्हणून बरं.

आजीला खुर्चीसकट काठावर आणलं होतं. बाबांनी गाऱ्हाणं घातलं : हे खाडीच्या राखणदारा, हे कड्यावरच्या गणराया, लेकराबाळांची ही होडी तुझ्या पदरात घालतो, चुकलंमाकलं पोटात घाल, जाणाऱ्याला परत आण. होय महाराजा.

पाच मिनिटांत आत घोटाभर पाणी. माझा चेहरा बघून मिस्त्री म्हणाले, बाळ पहिल्यांदा रडणारच. नवी लाकडी होडी पाझरते. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि फटी आवळते. तोवर तिला पाण्यातच ठेवायचं, बुडाली तर बुडू द्यायची, उन्हात ओढायची नाही.

आजी लगेच बोटं मोजायला लागली. आज जन्म. दहा दिवस सोहेर. बाराव्या दिवशी बारसं. अठरा तारखेपासून बारावा दिवस मोजला तर २९ ऑक्टोबर. धनत्रयोदशी! आजी असं बघत होती जणू तिनेच पौर्णिमा पुढे ढकलली.

१९ ते २८ ऑक्टोबर

पाण्याचा हिशेब, पाच लिटरच्या तेलाच्या डब्याने, रोज सकाळी :

शनिवार ६४. रविवार ५१. (इथून पुढे मी पुण्यात, आकडे दादाने फोनवर पाठवलेले.) सोमवार ४०, मंगळवार ३३, बुधवार ३३, गुरुवार १९. शुक्रवारी दादा विसरला, शनिवारी म्हणून २२. रविवार ७. सोमवार ३.

ऑफिसात मंगळवारी मीटिंगमधे कुणीतरी आकडा विचारला तेव्हा मी तेहेतीस म्हणाले. प्रश्न वेगळा होता.

२९ ऑक्टोबर, बारसं

भरती साडेनऊच्या सुमारास, म्हणून बारसं सकाळी. उधाण नाही, पण होडी आता पाण्यातच आहे, घाटाच्या शेवटच्या पायरीला आली. पाळणा बांधायची गरज नव्हती, हलत होतीच.

नाव ठेवण्याचा मान आत्याचा. दोर धरून ती नऊवारी खोचून पाण्यात उतरली. नाव तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. आता पेच असा की नाव कानात सांगायचं तर होडीचा कान कुठला? दादा म्हणाला नाळेच्या दोरीची भोकं. काका म्हणाले त्या नाकपुड्या. भाचीने आत जाऊन सुकाणूपाशी कान शोधला. शेवटी आत्यानेच ठरवलं. डाव्या वल्ह्याच्या खुंट्याशी गेली. "इथे ती कुरकुरते ना? मग इथूनच ऐकत असणार." दादाने वल्हं नुसतं हलवलं. कुर्रर्र. आम्ही सगळे एकदम हसलो. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला आईने संधी सोडली नाही, वीस वर्षांचे साठलेले घातले.

आत्या खुंट्यावर ओणवी होऊन काहीतरी पुटपुटली. मग उभी राहून मोठ्याने म्हणाली, "विहिरीवरची."

काका म्हणाले, अगं समुद्रात जाणार ती, आणि विहिरीवरची?

"मग? आपला देव कोण? कड्यावरचा. त्याला चाललं, हिला का नाही चालणार?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मिस्त्री काठावर बसून हसत होते. वाडीतले लोकही गेले चार महिने तेच विचारत होते, "विहिरीवरची कुठवर आली?" आता वही मागे चाळून बघितली. माझ्या हातचं आहे, १९ मे. आत्याने फक्त कानात सांगितलं.

बाबांनी 'दर्यासारंग' लिहिलेली पाटी आधीच रंगवून आणली होती, हे संध्याकाळी कळलं. ती पालथी करून मागच्या बाजूला मी नवं नाव लिहिलं. घुगऱ्या वाटल्या. आजी म्हणाली, "अगो, अक्षर जरा मोठं काढ, मला काठावरून दिसायला हवं."

३ नोव्हेंबर, भाऊबीज

पहिली सफर. आंजर्ल्याच्या खाडीतून सुवर्णदुर्ग आणि परत. माणसं चार : बाबा, दादा, मिस्त्री, मी. चौघांना जॅकेट, आजीच्या अटीवर मिस्त्रींनीही घातलं. इंजिन नाही. इंजिन बसवायचं तर नोंदणी आणि तपासणी आधी, आणि वीस तारखेच्या मतदानापर्यंत त्या कागदांना कुणी हात लावील असं दिसत नाही. दोन जोड वल्ही आणि जुन्या होडक्याचं शीड, आईने ठिगळं लावून दिलेलं.

द्वितीया, म्हणजे भरती दीड वाजता. साधा विचार असा की ओहोटीबरोबर बाहेर पडावं. पण ओहोटी सकाळी सात-साडेसातलाच सरते, आणि तळाला पाणी नसताना तोंडावरच्या वाळूत कुणी जाऊ नये. हे तोंड गाळाने भरलेलं. वाळू दरवर्षी जागा बदलते आणि मोठ्या होड्या भरतीची वाट बघत बाहेर थांबतात. इथे होड्या आपटून फुटल्या आहेत. म्हणून नऊला निघालो, चढत्या पाण्याच्या उलट, पण पाठीवर मतलई वारा घेऊन. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो. मिस्त्रींनी होडी मधल्या धारेत जाऊच दिली नाही. काठाकाठाने, जिथे पाणी सुस्त असतं तिथून.

तोंडावर पहिली लाट नाळेला लागली. धप्प नाही, एक लांब 'हूं'. होडी चढली, क्षणभर थांबली, उतरली. बाबांनी वळून मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री तळाकडे बघत होते, पाणी येतंय का. नव्हतं.

बाहेर शीड चढवलं आणि वल्ही आत घेतली. तेव्हा कळलं की गेले दीड तास आपण किती आवाज करत होतो. उजवीकडे कड्यावरचं देऊळ पांढरं, मागे सरकत. समोर दुर्गाचा काळा तट, पाण्यातूनच उगवल्यासारखा. बाबा सांगत होते, आंग्र्यांचं आरमार इथे असायचं, आणि १७५५ मधे पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवून तुळाजीकडून हा किल्ला घेतला. कमोडोर जेम्सने तो घेतला एप्रिलमधे. दादा म्हणाला, एप्रिलमधे, म्हणजे पावसाळ्याच्या आधी, शहाणा होता. बाबांना इतिहासातून हे अपेक्षित नव्हतं.

पावणेअकराला दरवाज्याच्या बाजूच्या वाळूवर नाळ टेकली. पायरीवर कोरलेलं कासव, तटावर मारुती. भाऊबीज इथेच केली. डब्यातून कुंकू, सुपारी, अंगठी आणि लाडू नीट आणले होते. निरांजन पेटेना. तीन काड्या गेल्या. शेवटी दरवाज्याच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे वारा नाही, दादाला कासवाकडे पाठ करून बसवलं आणि ओवाळलं. ओवाळणीत त्याने खिशातला तांब्याचा एक खिळा दिला, वाकडा. पैसे घरी देतो म्हणाला. (दिले.)

परतीला बाराचा सुमार. वारा आता फिरून पश्चिमेचा, पाणी अजून चढतं, दोन्ही घरच्या दिशेने. सगळं सोपं असायला हवं होतं. तोंडाशी वारा मागून भरला, लाट मागून उचलायला लागली आणि डाव्या वल्ह्याचा खुंटा, तोच, आत्याचा कान, कडकन मोडला. होडी आडवी फिरायला लागली. आडवी लाट घेतली असती तर ही नोंद वेगळी झाली असती. मिस्त्रींनी शीड सोडून दिलं, दादाने सुटलेलं वल्हं मागे सुकाणूसारखं रोवलं, बाबा आणि मी उजवीकडच्या वल्ह्यावर उलटे ओढत. तीन लाटा. मग आतलं पाणी. मिस्त्रींनी डोक्याचा रुमाल सोडून वल्हं वाकाला बांधलं आणि कुणी काही न बोलता घाटापर्यंत आलो.

काठावर आजी खुर्चीत. पहिलं वाक्य, "अक्षर दिसतंय." खुंट्याचं तिला सांगितलं नाही. भाचीने सांगितलं.

४ नोव्हेंबर

बाकी कामं. दोन्ही बाजूंचे खुंटे बाभळीचे करायचे, फणसाचे चालत नाहीत हे कळलं. बाभूळ मिस्त्रींकडे आहे. चिरायचा राहिलेला ओंडका गोठ्यात परत, पट्ट्या घालून. नांगराचा दोर अजून दहा हात लांब हवा. नोंदणीचे कागद डिसेंबरात. मिस्त्रींचे उरलेले पैसे दिले. त्यांनी पाऊण रुपया परत केला. पठाणाचा, म्हणाले, राहिला होता.

डावीकडची तिसरी फळी अजून पाझरते. ती वखारीतली.

आज सकाळचे डबे : २.